वॉर्डातलं बंड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात केन केसी यांच्या 'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट' (१९६२) या कादंबरीवर लेख होता. कैदेतली मजुरी चुकवायला वेडाचं सोंग घेऊन ऑरेगनमधल्या मनोरुग्णालयात आलेला मॅकमर्फी आणि वॉर्डावर हुकमत चालवणारी नर्स रॅचेड, यांच्या झगड्याची ही गोष्ट. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

सिनेमात मतदानाच्या प्रसंगी ९ हात वर होतात, कादंबरीत २०. मुळात बेसबॉलची मॅच बघायला मिळावी एवढ्याशा मागणीवर इतकी पानं का खर्च केली आहेत? (सांगली)

आकडे वेगळे असले तरी गणित एकच आहे. कादंबरीतल्या वॉर्डात ४० रुग्ण आहेत. त्यातले २० जण बरे होण्यासारखे, म्हणजे 'अ‍ॅक्यूट'. बाकीचे 'क्रॉनिक', त्यातल्या बहुतेकांना सभेत काय चाललंय याचाही पत्ता नसतो. टीव्हीची वेळ बदलावी म्हणून सगळेच्या सगळे २० अ‍ॅक्यूट हात वर करतात. तेव्हा नर्स सांगते की वॉर्डात ४० माणसं आहेत, २० म्हणजे बहुमत नव्हे. मॅकमर्फी एकेका क्रॉनिकपुढे जाऊन विनवतो. शेवटी बहिरा-मुका समजला जाणारा मूळ अमेरिकन रुग्ण ब्रॉमडेन हात उचलतो आणि २१ होतात, पण तोवर तिने सभा संपल्याचं जाहीर केलेलं असतं. सिनेमात हेच १८ पैकी ९ असं आहे.

या प्रसंगात नर्स एकही नियम मोडत नाही. मतं मोजायची ती रुग्णांनीच दिलेली, फक्त छेदात कोणता आकडा धरायचा हे तिच्या हातात आहे. संस्थेची सत्ता कशी चालते हे दाखवायला कोंडून घालण्यापेक्षा किंवा मारहाणीपेक्षा हा हिशेब जास्त नेमका आहे. मागणी मोठी असती तर नकार रास्त वाटला असता. ती क्षुल्लक आहे म्हणून नकार उघडा पडतो. पुढे मॅचच्या वेळी मॅकमर्फी काम टाकून टीव्हीसमोर बसतो, नर्स टीव्ही बंद करते, तरी तो हलत नाही. एकेक जण येऊन त्या काळ्या पडद्यासमोर बसतो आणि नर्सचा आवाज पहिल्यांदा चढतो. रुग्णांची जीत काय ती तेवढीच, आणि कादंबरीचा पहिला भाग तिथेच संपतो.

सिनेमा एवढा गाजला, तरी केसी नाराज का होते? (नाशिक)

१९७५च्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि रूपांतरित पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर मिळाली. केसींचा मुख्य आक्षेप होता तो निवेदक काढून टाकल्याबद्दल. कादंबरी ब्रॉमडेन सांगतो. त्याच्या जमातीचा धबधबा आणि मासेमारीची जागा सरकारने धरणासाठी घेतली आहे. वॉर्डात धुक्याचं यंत्र चालतं, भिंतींत तारा आहेत, हे त्याला खरोखर दिसतं. धरणग्रस्तांची गाऱ्हाणी ऐकलेल्या मराठी वाचकाला त्याच्या भ्रमातलं सत्य लगेच कळावं. मतदानात आपला हात मॅकमर्फीने तारेने ओढला असं त्याला आधी वाटतं, मग तो कबूल करतो की हात आपणच उचलला. बंडाचा खरा क्षण या कबुलीत आहे. कॅमेऱ्याला नुसता हात दिसतो.

नर्सला खलनायिका करणं हा स्त्रीद्वेष नाही का? (कोल्हापूर)

आहे. संस्थेची सगळी दहशत एका बाईच्या शरीरावर लादली आहे आणि शेवटी मॅकमर्फी तिचा गणवेश फाडतो, ते लेखकाला न्याय्य वाटतं. कृष्णवर्णीय अटेंडंटांचं चित्रणही तितकंच खटकतं. कादंबरी जरूर वाचावी, पण हे दोष पाठीशी घालून नव्हे.

मॅकमर्फीला देतात तो शॉक आणि नंतर करतात ती मेंदूची शस्त्रक्रिया एकच का? आजही असंच करतात? (लातूर)

दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. विजेच्या झटक्याचा उपचार १९३८ साली रोममध्ये चेर्लेती आणि बिनी यांनी सुरू केला. सुरुवातीला भूल नसे, त्यामुळे आचक्यांनी हाडं मोडत. आता थोड्या वेळाची भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन, प्राणवायू लावून तो देतात. साधारण ६ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. तीव्र नैराश्यात त्याचा चांगला उपयोग होतो, मात्र काही रुग्णांच्या आठवणी पुसट होतात. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. लोबोटॉमी म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले जोड तोडणं. पोर्तुगालचे डॉक्टर मोनिझ यांनी ती १९३५ साली सुरू केली आणि १९४९ साली त्यांना नोबेल मिळालं. १९५४पासून अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध वापरात आलं आणि ती मागे पडत गेली. म्हणजे मॅकमर्फीवर होते ती शस्त्रक्रिया कादंबरी छापली गेली तेव्हाच ओसरत चालली होती.

मी कादंबरी लिहितेय. भाऊ जमिनीसाठी नायिकेला आजच्या मनोरुग्णालयात टाकतो आणि ती दोन वर्षं सुटत नाही. हे पटेल का? (पुणे)

आहे तसं पटणार नाही, कारण आजचे नियम वेगळे आहेत. आधी ते पाहा. २०१७चा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. सज्ञान व्यक्ती स्वतःहून दाखल झाली असेल तर तिने मागताच डिस्चार्ज द्यावा लागतो. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. तिच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्या प्रतिनिधीचा अर्ज हवा आणि दोन डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यतज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी केलेली हवी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांची. स्त्री असेल तर ३ दिवसांत अशा दाखल्यांची तपासणी करणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. पुढे ठेवायचं तर मंडळाची मंजुरी लागते : आधी ९० दिवस, मग १२०, मग दर खेपेला १८०.

तेव्हा दोन वर्षं हवी असतील तर एवढ्या वेळा कागद पुढे सरकला पाहिजे आणि दर वेळी कोणीतरी सही केली पाहिजे. ते प्रसंग लिहा, खोटेपणा त्या सह्यांत दाखवा. बंडाची ठिणगीही याच कायद्यात सापडेल : स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क, सक्तीने केस न कापले जाण्याचा हक्क, जबरदस्तीने काम न करण्याचा हक्क. नायिका गणवेश घालायला नकार देते आणि सिस्टर केसपेपरवर 'असहकार्य' असा शेरा मारते, इथपासून सुरुवात करता येईल. लिहायला बसण्यापूर्वी वॉर्डाचा नकाशा आणि दिवसाचं वेळापत्रक कागदावर मांडा : गोळ्या कधी, किल्ल्या कोणाकडे, राउंड कधी, काचेआडून कोणता कोपरा दिसत नाही. हे न केल्याने बहुतेक हस्तलिखितं फसतात. नियमच माहीत नसले की पात्रं नुसती ओरडतात.

कथानक १९९३च्या आधीचं ठेवलंत तर १९१२चा जुना कायदा लागू होतो आणि दोन वर्षं सहज शक्य वाटतात.

आणखी एक. केसींच्या कादंबरीत मॅकमर्फीला सर्वांत मोठा धक्का बसतो तो हे कळल्यावर की त्याची सुटका नर्सच्या हाती आहे, पण बाकीचे बहुतेक जण स्वखुशीने आलेले आहेत आणि उद्या निघून जाऊ शकतात. आपल्याकडे बरे झालेले रुग्णही वर्षानुवर्षं आत राहतात, कारण न्यायला कोणी येत नाही. डिस्चार्जचा कागद तयार, घर बंद. भाऊ तिला कोंडून ठेवत नाही, नुसता न्यायला येत नाही, असं लिहून पाहा.

याच विषयावर आणखी काय वाचावं? (गोवा)

चेखव यांची 'वॉर्ड नंबर ६' ही १८९२ची दीर्घकथा. वॉर्डात रुग्ण पाचच, आणि त्यांना मारणारा पहारेकरी निकिता. मनाची शांती आतूनच येते, ऊबदार अभ्यासिका आणि हा वॉर्ड यात फरक नाही, असं डॉक्टर रागिन एका रुग्णाला पटवू पाहतो. पुढे सहकारी त्यालाच तिथे डांबतात. रात्री तो बाहेर सोडा म्हणतो, निकिता त्याला मारतो आणि दुसऱ्या दिवशी तो मरतो. रागिनचं उभ्या आयुष्यातलं बंड एवढंच : अंगणात जरा फिरून येतो, दार उघड.