जतला पोस्टिंग लागलेल्या मानसिक आरोग्याच्या इंटर्नसाठी

जत लांब म्हणून कुरकुरू नकोस, सांगलीत बसून इतकं शिकायला मिळणार नाही. तिथं ‘उदास वाटतं’ कुणी म्हणत नाही. ‘डोकं जड झालंय, झोप न्हाई’ एवढंच. लगेच प्रश्नावली काढू नकोस. सुनेऐवजी सासूच बोलत असेल तर सासूला केसपेपर काढायला धाड, मग विचार. कन्नड अडलं तर आशाताईंना (गावच्या आरोग्य सेविकेला) बसव, पण त्या त्याच गावच्या असतात, म्हणून गोपनीयतेचं आधी बजाव. तणनाशक प्यायलेल्याचे घरचे पोलिसांना घाबरतात. त्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांग: उलट सिद्ध होईपर्यंत आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरतो, म्हणून शिक्षा नाही. निघताना टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ केसपेपरच्या मागे ठळक लिहून दे. आणि नोंदी त्याच संध्याकाळी, सुपरव्हिजनच्या आदल्या रात्री नव्हे!