भांड्यातलं आणि ताटातलं

प्रिय ईरा,

दादरच्या हॉटेलात आजीने उरलेली डाळ आणि पनीरची भाजी बांधून घेतली, पण तुझ्या ताटातला भात आणि अर्धा नान तिथेच ठेवायला लावला. इथे लिऑनमध्ये तुझ्या प्लेटमधला पास्ता आपण डब्यात भरून आणतो, मग तिथे का चाललं नाही, असं तू विचारलंस. आजीचा नियम सरळ आहे आणि मला तो मनापासून पटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्रान्समध्ये ज्याची त्याची प्लेट स्वयंपाकघरातूनच भरून येते. उरतं ते त्याच प्लेटमध्ये आणि ज्याने खाल्लं त्याचंच. तेसुद्धा घरी न्यायला इथले लोक पूर्वी संकोचायचे. १ जुलै २०२१ पासून मात्र गिऱ्हाइकाने मागितलं तर हॉटेलाने डबा दिलाच पाहिजे, असा कायदा झाला. हवं तेवढं खा अशी बुफे हॉटेलं तेवढी त्यातून वगळली. मुंबईत डाळ, भाजी, भात सगळ्यांमध्ये मिळून टेबलाच्या मधोमध येतं आणि जो तो आपल्यापुरतं वाढून घेतो. म्हणून तिथे दोन तऱ्हेचं उरतं, भांड्यातलं आणि ताटातलं. भांड्यातल्याला कुणाचं तोंड लागलेलं नसतं, ते अजून सगळ्यांचं असतं. ताटातलं तू कालवलंस, तीच बोटं तोंडात गेली आणि परत भातात आली, ते उष्टं झालं. ते तू संपवायचं. घरी आणून फ्रिजमध्ये ठेवलं तर उद्या आजोबांच्या नाहीतर एखाद्या पाहुण्याच्या पानात पडायचं, आणि ते आपल्यात चालत नाही.

ही नुसती समजूत नाही. लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थातला स्टार्च फोडतं. तोंडातून काढलेला चमचा मऊ खिचडीत बुडवून ठेवलास, तर थोड्या वेळाने तिला पाणी सुटलेलं दिसेल. तोंडातले जंतूही त्यात जातात ते वेगळंच.

म्हणून आजी जेवताना काय करते ते पुढच्या वेळी नीट बघ. प्रत्येक भांड्यात वाढायचा चमचा वेगळा आहे का, ते ती आधी पाहते आणि नसला तर वेटरकडून मागवते. जेवण सुरू झालं की उजवा हात खरकटा, त्यामुळे स्वतःला वाढून घेताना चमचा डाव्या हातात धरते. वाढताना चमचा ताटाला टेकवत नाही, वरूनच सोडते. एवढं पाळलं तर भांड्यातलं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि बिनधास्त घरी नेता येतं. नानचंही तेच. बहुतेक हॉटेलांत नान तुकडे करून टोपलीत आणतात. एका वेळी एकच तुकडा ताटात घे. टोपलीतलं बांधून मिळतं.

मागवताना हात आखडता ठेवला तर हा प्रश्नच लहान होतो. पंजाबी हॉटेलात चौघांना एक डाळ आणि दोन भाज्या पुरतात. रोट्या आधी माणशी एक सांगायची आणि दुसरी लागेल तशी. भात सगळ्यात शेवटी, तोही आधी अर्धाच सांगून बघायचा. सगळं एकदम मागवलं की भात येईपर्यंत पोटं भरलेली असतात, म्हणून भातच सगळ्यात जास्त उरतो. नेमका तोच टिकायला सगळ्यात वाईट, ते पुढे सांगते.

बांधून मागण्यात मुंबईत कुणाला लाज वाटत नाही. बिल मागवायच्या आधी वेटरला 'हे पार्सल करून द्या' म्हणायचं आणि बोटाने भांडी दाखवायची. दाखवली नाहीत तर उचलून नेणारा माणूस ताटांबरोबर तीही खरकट्यात टाकतो. अमर्यादित थाळी असेल तिथे मागू नकोस. माटुंग्याला केळीच्या पानावर जेवलात किंवा गुजराती थाळी घेतलीत, तर तिथे पैसे बसून जेवण्याचे असतात, नेण्याचे नसतात. तिथे वाढपी येताना दिसला की पानावर आडवा हात धरायचा. नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, तोवर वाढून झालेलं असतं.

आता एक महत्त्वाचं. बांधून घेतलेलं सिग्नलवरच्या कुणाला द्यावं का, असंही तू विचारलं आहेस. भांड्यातलं, गरम असताना, 'घेणार का?' असं विचारून दिलंस तर जरूर दे. ताटातलं कुणालाही कधीही द्यायचं नाही. याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. गावगाड्यात काही जातींच्या माणसांना राबवून घ्यायचे आणि मोबदल्यात शिळंउष्टं द्यायचे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितलं की मेलेल्या गुरांचं मांस आणि टाकलेले उष्टे तुकडे खाणं सोडून द्या. तो पोटाचा नाही, माणूस म्हणून मानाचा प्रश्न होता. म्हणून घरी कामाला येणाऱ्या मावशींना काही द्यायचं तर आपण आज जे खाणार तेच, त्याच दिवशी द्यायचं. तीन दिवस फ्रिजमध्ये पडलेलं आणि आपल्याला नकोसं झालेलं देणं म्हणजे तीच जुनी रीत. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी मुंबईत सुरू केलेली रोटी बँक लग्नसमारंभांतलं आणि हॉटेलांतलं उरलेलं अन्न भुकेलेल्यांपर्यंत पोचवते. तेही न वाढलेलं, भांड्यातलंच.

बांधण्याबद्दल आजीला तुझी मदत होईल. पातळ पिशवीत गरम डाळ ओतून वर रबर लावून देत असतील तर नको म्हण. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, आणि उकळत्या डाळीने त्या मऊ पडून लोकलच्या गर्दीत फुटतात. रोटी वर्तमानपत्रात गुंडाळली असेल तर तीही घेऊ नका, छपाईची शाई तेलातुपाबरोबर अन्नात उतरते. सगळ्यात चांगला म्हणजे घरचा स्टीलचा डबा, अर्धा लिटरचे दोन असले की चौघांचं उरलेलं मावतं. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात टोमॅटो, चिंच, कोकम किंवा दह्याची ग्रेव्ही रात्रभर ठेवायची नाही, आंबटाने धातू अन्नात उतरतो आणि चवही बिघडते. घरी आल्याआल्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, हे तुला माहीत आहेच.

सगळंच बांधण्यासारखं नसतं. सोलकढी आणि ओल्या नारळाची चटणी मुंबईच्या उकाड्यात आधी आंबतात, त्या तिथेच संपवा. मसाला डोसा घरी येईपर्यंत चिवट होतो, बोंबील फ्राय लिबलिबीत होतो. पावभाजीतली भाजी मात्र दुसऱ्या दिवशीही छान लागते, ती घ्या. पाव घरी ताजा आणा.

वेळेचा हिशेब पदार्थ टेबलावर आल्यापासून धरायचा, बांधल्यापासून नाही. शिजवलेलं अन्न बाहेर फार तर दोन तास ठेवावं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात मुंबईची दुपार याच्या वरच असते. हॉटेलात पाऊण तास बसलात आणि दादरहून बोरिवलीला मामाकडे जायचं असेल, तर बांधून घेऊच नका.

भाताच्या बाबतीत तर अजिबात सूट नाही. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. म्हणून 'चांगला खळखळून गरम केला की झालं' हे भाताला लागू नाही. भात आणलाच तर ताटलीत पातळ पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवा. गरम भाताचा डबा घट्ट झाकण लावून तसाच फ्रिजमध्ये ढकललात तर मधला गोळा कितीतरी वेळ कोमट राहतो.

दुसऱ्या दिवशीचं काम आजी तुला शिकवेलच. जिरा राईसचा फोडणीचा भात करायचा तर फोडणीत जिरं नको, मोहरी, हिंग, हळद आणि हिरवी मिरची पुरे. तंदुरी रोटी कणकेची असेल तर कुस्करून फोडणीची पोळी होते, नान मैद्याचा असल्याने त्याची होत नाही. त्याला पाण्याचा हात लावून झाकणाखाली तव्यावर मिनिटभर ठेवायचं. डाळ रात्रीत घट्ट होते. खायची असेल तर एका वाटीला पाव वाटी कढत पाणी घालून उकळी येऊ दे. ती एकच वाटी उरली असेल तर तीत सुमारे दोन वाट्या कणीक मळून पराठे कर, पीठ लागेल तसं थोडं थोडं घाल. वेगळं पाणी घालू नकोस आणि मीठही नको, हॉटेलच्या डाळीत असतं ते पुरतं.

तुझी,
आई