चालढकलीवरचं ॲप: आधी एवढंच बघा

चालढकलीवर प्रयोग म्हणून ॲप बनवायची तुमची कल्पना झकास आहे. पण पहिल्याच आवृत्तीत बॅज, स्ट्रीक (सलग किती दिवस वापरलं याची मोजणी), नोटिफिकेशनचा भडिमार नको. प्रयोग आहे ना? मग एकच प्रश्न धरा: काम किती वेळाचं वाटतं आणि प्रत्यक्षात किती लागतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४च्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हेच विचारलं. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा, लागले साधारण ५५!

सुरुवातीला हे सांभाळा:

- अंदाज काम सुरू होण्याआधी घ्या. नंतर बदलू देऊ नका.
- काम चालू असताना घड्याळ लपवा. ॲपमधला टायमर सगळेच काढून टाकतात, पण फोनच्या वरच्या पट्टीतली वेळ तशीच दिसत राहते. फुल स्क्रीन करा.
- काम संपल्यावर "किती वेळ गेला असं वाटतं?" हे बेसावध माणसाला एकदाच विचारता येतं. पुढच्या वेळी तो मनातल्या मनात मोजत बसतो आणि ते माप वेगळंच येतं. म्हणून पहिलं उत्तर स्वतंत्र साठवा.

"आजही टाळलंत!" असली बोलणी तर अजिबात नकोत, लोक काम सोडून ॲपच टाळायला लागतात. आलेख, सर्व्हर वगैरे नंतर बघू. आधी ओळखीच्या चार-पाच जणांना आठवडाभर वापरायला द्या आणि ते कुठे अडतात ते शेजारी बसून बघा.