संगीत नाटकात गाणाऱ्या सगळ्यांना भामिनी किंवा खाँसाहेबच का व्हायचं असतं?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. 'कट्यार काळजात घुसली'चा सिनेमा तुम्हाला आवडला, पण मूळ संगीत नाटक बघायला माणसं रात्ररात्र का जागतात, हे कळत नाही. गाणारा प्रत्येक जण 'मानापमान'मधली भामिनी, 'कट्यार'मधले खाँसाहेब अशा त्याच दोन-चार भूमिकांच्या मागे का असतो, हा दुसरा. आणि मला एकच भूमिका मिळणार असेल तर मी कुठली मागेन, हा तिसरा. तिसऱ्यावर येईन, पण जरा वेळाने.

मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली. आमच्या देवळाच्या उत्सवात नाटक होतं, आणि ते संगीतच असावं असा म्हाताऱ्यांचा हट्ट अजून टिकून आहे. नोकरी बँकेत. मी गाते, पण मला कोणी गायिका म्हणणार नाही. तालमीला पुस्तक धरून बसायचं, म्हणजे प्रॉम्प्टरचं, काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे सगळ्यांची पदं आणि सगळ्यांचे रुसवे मला पाठ आहेत.

आधी आवडीचं. 'मानापमान'मध्ये भामिनीचं एक पद आहे, 'नाही मी बोलत नाथा'. म्हणजे बाई म्हणते की मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि एवढंच सांगायला चांगली दहा मिनिटं गाते. लोक 'वन्समोअर' म्हणाले की पुन्हा पहिल्यापासून न बोलायला सुरुवात. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं, आणि आहेच ते. पण त्या दहा मिनिटांत तिचा राग, लाड, लटकेपणा, मधूनच खरा सल, हे सगळं एकाच ओळीच्या वेगवेगळ्या वळणांतून येऊन जातं. गद्य नाटकात 'मी बोलणार नाही' हे वाक्य एका श्वासात संपतं. संगीत नाटकात गोष्ट तिथेच बैठक मारते. पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा घाई कसली? ज्याला ही थांबलेली गोष्ट आवडते तो जागतो. ज्याला नाही, तो मध्यंतराला भजी खाऊन घरी जातो. दोघांबद्दलही माझी तक्रार नाही.

आता भूमिकांचं. या भूमिकांवर पहिल्या नटांची छाप अजून आहे, हे आधी लक्षात घ्या. १९११ साली खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. पुढे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर. त्या रात्री कोण वरचढ ठरलं, यावर आमच्याकडे ज्यांचे आजोबासुद्धा तेव्हा जन्मले नव्हते अशी माणसं भांडतात. भामिनी हवी असणं म्हणजे नुसती भूमिका हवी असणं नव्हे. त्या भांडणात आपलंही नाव यावं, अशी ती हाव असते.

भामिनीची भूमिका आहेही तशीच. श्रीमंताची मुलगी, गरीब शिपाईगड्याला, म्हणजे धैर्यधराला, झिडकारते, मग वनमाला म्हणून वेषांतर करून त्याच्याच सेवेला जाते आणि प्रेमात पडते. तोरा आणि नम्रता दोन्ही एकाच गळ्यातून दाखवायची. शिवाय शालू, दागिने. हौशी मंडळात शालू हा किरकोळ मुद्दा नसतो बरं का.

पुरुषांचं सांगायचं तर पूर्वी धैर्यधर हवा असायचा, आता खाँसाहेब. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन वसंतराव देशपांडे. वसंतरावांनी ती भूमिका अशी काही केली की नंतरच्या प्रत्येक खाँसाहेबाचं अर्धं आयुष्य त्यांच्यासारखं गाण्यात आणि उरलेलं त्यांच्यासारखं न गाण्यात जातं. भूमिका मोहाची आहे, हे मान्य. खलनायक, पण कलावंत. दरबारात जिंकतो आणि मनातून हरलेला राहतो. 'या भवनातील गीत पुराणे' म्हणत हवेलीत शिरतो तेव्हा प्रेक्षकाला त्याचा राग यावा की दाद द्यावी, कळत नाही. पण हौशी गायकाला त्यातली फक्त तान दिसते. आमच्या तालुक्यात मी असे खाँसाहेब पाहिलेत, जे तान संपली की हात पुसून मोकळे.

माझ्या मते त्या नाटकातली जास्त अवघड भूमिका सदाशिवची. दरबारात खाँसाहेबांपुढे हरलेल्या पंडितजींचा हा शिष्य शत्रूच्या हवेलीत नोकर म्हणून राहतो आणि चोरून गाणं ऐकतो. म्हणजे आधी नुसतं ऐकणं दाखवायचं, मग ते ऐकलेलं गळ्यात उतरत गेलेलं दाखवायचं. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन तऱ्हांनी गायलं जातं, आणि प्रेक्षकाला, ज्याला रागातलं काही कळत नाही त्यालाही, फरक कळतो. ही करामत अभिषेकींची. ती पेलायला ऐकता येणारा नट लागतो. असा नट तालमीला आला की मी पुस्तक खाली ठेवते.

आता एक गोष्ट, जी बाहेर फार कोणी बोलत नाही. भूमिका तुम्ही निवडत नाही, तुमची पट्टी निवडते, म्हणजे पेटीवरच्या ज्या स्वराला 'सा' धरून तुम्ही गाता ती. पुरुष साधारण काळी एक-काळी दोनला गातात, बायका काळी चार-पाचला. धैर्यधराचं पद संपून भामिनीचं सुरू झालं की ऑर्गनवाला पट्टी बदलतो, तबलजी दुसरा तबला पुढे ओढतो. आमच्या दमट हवेत तो तबला तेवढ्यात उतरलेला असतो, मग हातोडीची ठकठक, तोवर भामिनी मान वळवून रुसलेली उभी. गंमत अशी की ज्या स्त्रीभूमिकांसाठी बायका आज झुरतात, त्यातल्या बऱ्याच पुरुषांच्या गळ्यांसाठी घडलेल्या आहेत. 'सौभद्र'मधली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांची, भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आणि 'एकच प्याला'तली सिंधू बालगंधर्वांची. बाईच्या गळ्याला बेतून आलेल्या मोठ्या भूमिका नंतरच्या. १९४२ च्या 'कुलवधू'त ज्योत्स्नाबाई भोळ्यांचं 'बोला अमृत बोला' ऐका, किंवा १९६४ च्या 'मत्स्यगंधा'तलं आशालता वाबगावकरांचं 'गर्द सभोवती रान साजणी'. त्यात गळ्याला कुठे ओढाताण नाही. तरी आमच्या मुलींना विचारा, उत्तर भामिनी.

माझा आवाज जाड. काळी दोनला मी सुखाने गाते, काळी चारला माझा जीव जातो. कॉलेजात असताना मला भामिनीच व्हायचं होतं, आरशासमोर 'खरा तो प्रेमा' म्हणून झालं होतं, आणि वाट्याला आला 'सौभद्र'मधला नारद. आमच्या महिला मंडळात पुरुषभूमिकाही बायकाच करतात. जाड आवाजाची मिळाली की तिच्या गळ्यात वीणा अडकवायची, एवढाच हिशेब. त्या वेळी मी रडले होते. 'राधाधर मधु मिलिंद' म्हणत प्रवेश केला आणि पहिल्या रांगेतल्या आजींनी हात जोडले, तेव्हा जरा थांबले.

उत्सवातलं भूमिकावाटप हा स्वतंत्र नाटकाचा विषय आहे. गावात राहणारे म्हणतात, आम्ही दोन महिने तालमी करतो, मुख्य भूमिका आमची. चाकरमानी म्हणतात, वर्गणी आम्ही पाठवतो. ते आदल्या दोन दिवसांत येणार, पद मोबाईलवर ऐकून पाठ करणार, आणि अर्जुन मागणार. काही घरांत तर भूमिका जमिनीच्या तुकड्यासारखी वडिलोपार्जित. कण्व आमच्याकडेच, असं ठणकावून सांगणारे एक काका आहेत. आवाज गेलाय, पण शकुंतलेला सासरी पाठवताना रडतात असे की आम्ही गप्प बसतो.

गद्य भूमिकांचेही उमेदवार असतात, त्यांना विसरू नका. ज्यांना गाता येत नाही ते सगळे तळीरामाच्या मागे. 'एकच प्याला'त सिंधूचं दुःख लोक ऐकतात, पण आर्य मदिरा मंडळाचा, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचा, प्रवेश आला की मांडवातली झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात. 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव तसाच. रेवती आणि अश्विनशेठ गात राहतात, टाळ्या फाल्गुनराव आणि कृत्तिका नेतात. माझ्या ओळखीच्या एका उत्तम गायिकेने रेवती नाकारून कृत्तिका घेतली होती. तिच्या घरच्यांना अजून ते पटलेलं नाही.

कोकणाचा यात वाटा काय, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्या काळातलं 'संन्यस्त खड्ग' हे त्यांचं नाटक, १९३१ मध्ये बळवंत संगीत मंडळीने केलं. 'मर्मबंधातली ठेव ही' आणि 'शतजन्म शोधिताना' ही दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्याने अजरामर केलेली पदं त्यातलीच. चाली वझेबुवांच्या, आणि बुवा मूळचे सावंतवाडीकडचे. आजही इथल्या नाट्यगृहाला सावरकरांचंच नाव आहे, आणि राज्य संगीत नाट्यस्पर्धा बऱ्याचदा तिथेच भरली आहे. खाली सिंधुदुर्गात गेलात तर दशावतार. तिथे लिखित संहिता नाही, तालीम नाही. कोणी काय करायचं हे ठरतं, आणि संवाद रंगमंचावरच जुळतात. पखवाज, पेटी, झांज. पुरुषच स्त्री-पार्ट करतात आणि पहाटेपर्यंत अशी काही ऐट सांभाळतात की आमच्या भामिनींनी बघून यावं. तिथे प्रॉम्प्टरला कामच नाही, म्हणून मला दशावताराबद्दल थोडा मत्सर आहे.

आता तिसरा प्रश्न. मला एकच मिळणार असेल तर मी 'सौभद्र'मधला कृष्ण मागेन.

नारदाने जीभ चाळवली म्हणा, पण तेवढंच कारण नाही. किर्लोस्करांनी १८८२ मध्ये 'सौभद्र' आणलं तेव्हा नावं महाभारतातली ठेवली आणि घर आपलं उभं केलं. मोठा दादा तापट, त्याने बहिणीचं लग्न परस्पर दुर्योधनाशी ठरवलंय. बहिणीचा जीव अर्जुनावर. धाकट्या भावाला दादाशी भांडायचं नाही आणि दादाचं ऐकायचंही नाही. मग अर्जुन संन्यासी होऊन द्वारकेत येतो, दादा स्वतःच त्याला घरी ठेवून घेतात आणि बहिणीला त्याच्या सेवेला लावतात, आणि धाकटा आपल्याला काहीच माहीत नसल्यासारखा फिरतो. असा धाकटा भाऊ कोकणातल्या प्रत्येक एकत्र घरात एकदा तरी होऊन गेलाय. त्याच्याशिवाय अर्धी लग्नं झाली नसती.

गाण्याच्या बाजूने पाहिलं तर कृष्णाला युद्ध नाही, विरह नाही, आक्रोश नाही. 'नच सुंदरी करू कोपा' म्हणत रुसलेल्या बायकोची समजूत घालायची. 'प्रिये पहा' म्हणत पहाट दाखवायची. त्या पदाला जोर लावला की ते मेलंच. मी ते तीन-चार चांगल्या गायकांकडून मेलेलं ऐकलंय, कारण त्यांना तिथे आपला गळा दाखवायचा होता. दाखवायची असते ती पहाट, आणि तीसुद्धा बायकोला. माझ्या जाड, फार वर न जाणाऱ्या आवाजाला हे जमेल असं मला आता वाटतं. वीस वर्षांची असताना वाटलं नसतं. तेव्हा मला वन्समोअर हवा होता.

तुम्हाला खरंच चव घ्यायची असेल तर रेकॉर्डवर सुरुवात करू नका. एखाद्या देवळाच्या उत्सवाला या आणि ऑर्गनच्या बाजूला बसा. तिथून विंगेतली धांदल दिसते आणि पद सुरू होण्याआधी गाणाऱ्याने घेतलेला श्वास ऐकू येतो. 'सौभद्र' लागलं असेल तर आधी ते बघा, 'कट्यार' नंतर. आमच्याकडे यंदा पुन्हा 'सौभद्र'चंच चाललंय. सुभद्रेसाठी तीन जणी अडून बसल्यात, अर्जुन मुंबईहून येणार म्हणे, बलराम वडिलोपार्जित. कृष्णासाठी मी नाव दिलंय. तेव्हा नारद रिकामा आहे, तुमच्या ओळखीत काळी दोनची कोणी असेल तर कळवा, वीणा आम्ही देऊ.