टिप्परच्या ब्रेकच्या टाकीतून हॉर्नला हवा घेतली तर पासिंगला अडवतात का?

तुमचा मेकॅनिक म्हणतो, ‘तशी मनाई नियमात कुठंच लिहिलेली नाही.’ भाऊ, तो खोटं बोलत नाही. पण आरटीओचा निरीक्षक नियम तसा वाचतच नाही.

मी वणीकडे कोळशाच्या टिप्परांची ब्रेकची कामं करतो. पासिंग आली की हाच वाद. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 96 वा नियम ब्रेकचा, आणि त्यामागे आयएस 11852 हे मानक. त्यांचा मुख्य भर गाडी किती अंतरात थांबते, ब्रेकचं एक सर्किट, म्हणजे हवेची एक लाईन, फुटलं तर उरलेल्यावर थांबते का, यावर. कुठल्या नळीला कुठं टी मारायचा, म्हणजे फाटा काढणारा जोड बसवायचा, हे त्यात सापडणार नाही. कंपनी आपलं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून 126 व्या नियमाखाली तपासून घेते. मंजुरी मिळते ती त्या रचनेला. तुम्ही टाकीवर टी मारला की निरीक्षक विचारणार, ही तीच रचना राहिली का? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं ठरवलेला आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही, आणि हॉर्नची नळी काही आरसीत नसते, म्हणून तिथं वाद घालता येईल. पण 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम कडकच वाचलंय. शिवाय फिटनेसचं कलम 56 आहेच, ते गाडीनं सगळे नियम पाळलेले मागतं.

अमेरिकेत पद्धत निराळी. एअर ब्रेकचं 121 नंबरचं मानक पाळल्याची ग्वाही कंपनी स्वतःच देते, सरकार आधी मंजुरी देत नाही. शंका आली तर वाहतूक सुरक्षा खात्याच्या वकिलांना पत्र लिहायचं, ते लेखी अर्थ कळवतात. आपल्याकडे अर्थ लागतो पासिंगच्या मैदानात.

आता कामाचं. सिस्टीम प्रोटेक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे हवा वेगवेगळ्या लाईनींत वाटून एक फुटली तरी बाकीच्या वाचवणारा व्हॉल्व्ह, त्याच्यावर आकडे कोरलेले असतात. 21 आणि 22 ब्रेकचे, 23 हँडब्रेकचा, 24 बाकीच्या सामानाचा. हवा 24 वरूनच घ्या. ती नळी फुटली तरी ब्रेकच्या टाक्यांत ठरावीक प्रेशर राखलं जातं. टाकीवर थेट टी मारला तर हे संरक्षणच गेलं, आणि निरीक्षकाला नेमकं तेच खटकतं.

घरीच पाहता येतं. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी करा. प्रेशर भरा, इंजिन बंद करा आणि हॉर्न दाबून धरा. ब्रेकच्या प्रेशर मीटरचे काटे थोडे उतरून थांबले तर जोडणी ठीक. उतरतच राहिले तर आधी ती नळी काढा.

हॉर्नही एकाच सुराचा ठेवा. बहुसुरी असेल तर 119 व्या नियमात त्याला सरळ मनाई आहे, ब्रेकपर्यंत गोष्ट पोचणारच नाही.