चालतं ते काढून का टाकतात?

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच विषयावर आहेत, म्हणून तीच घेतली. बाकीची पुढच्या अंकात.

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या एका लेथला पॅरलल पोर्टवरून पेंटियम ४ जोडलाय. त्यावर डेबियन १२ हे लिनक्स नीट चालत होतं. हार्डडिस्क गेली म्हणून नवी बसवली आणि म्हटलं, आता डेबियन १३ च टाकू. तर ३२-बिटचा इन्स्टॉलरच मिळेना. पोरगा म्हणतो, लिनक्सवाल्यांनी जुनं सगळं काढून टाकलं. मॅडम, सॉफ्टवेअर फुकटचं आहे, तक्रारीला तोंड नाही. पण चालतंय ते काढायचं कशाला? पडून राहिलं असतं कोपऱ्यात, कुणाचं काय जात होतं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी तुमचं काम मार्गी लावू. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट इंटेल मशिनांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं, हे खरं. पण तो डेबियनचा, म्हणजे लिनक्सचा कर्नल घेऊन पूर्ण प्रणाली बांधून देणाऱ्या प्रकल्पाचा, निर्णय आहे. कर्नल म्हणजे लिनक्सचा आतला गाभा, प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि पोर्ट यांच्याशी थेट बोलणारा. त्यात तुमचा पेंटियम ४ अजून शाबूत आहे आणि पॅरलल पोर्टसुद्धा. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहातून १२ च्या ३२-बिट इन्स्टॉलरची फाइल उतरवून घ्या आणि तीच बसवा. मशीन इंटरनेटला जोडू नका. लेथ एकदा नीट फिरली की त्याच दिवशी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा. पुढच्या वेळी डिस्क गेली तर अर्ध्या तासात काम सुरू होईल.

आता तुमचा खरा प्रश्न. मी सत्तावीस वर्षं सांगलीतल्या एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळली. त्यातली निम्मी वर्षं माझंही मत हेच होतं, कोपऱ्यात पडलेलं कुणाचं काय खातं? घरात जुनी पितळी भांडी माळ्यावर जातात, वीस वर्षं तशीच राहतात, लागली की उतरवून चिंचेने घासायची. कर्नलला मात्र माळा नसतो. तिथे सगळी भांडी ओट्यावर. ओट्याचा नळ बदलायचा झाला की प्रत्येक भांडं उचलून बाजूला ठेवावं लागतं आणि नव्या नळाखाली बसेल असं पुन्हा मांडावं लागतं.

कर्नलच्या आतले जोड सतत बदलत असतात. डिस्कशी बोलण्याची पद्धत कुणी सुधारली की ती वापरणारे सगळे ड्रायव्हर, म्हणजे एकेका उपकरणाशी बोलणारे कोड, त्याच माणसाला दुरुस्त करावे लागतात. त्यातल्या एखाद्याचं कार्ड त्याने जन्मात पाहिलेलं नसतं. तो अंदाजाने बदल करतो, कोड कंपाइल होतो, पण चालतो का हे कोण सांगणार? अशी पाच-सात वर्षं गेली की ड्रायव्हर जागेवर दिसतो आणि आतून मेलेला असतो.

इंटेलच्या ३८६ या जुन्या प्रोसेसरचं उदाहरण बघा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ वरच. त्या अर्थाने ते लिनक्सचं जन्मघर. तरी डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलचे एक प्रोग्रामर इंगो मोल्नार यांनी ३८६ चा आधार काढणारा बदल पाठवला आणि टोरवाल्ड्स यांनी, आपण भावुक नाही असं लिहून, तो घेतला. मोल्नार यांनी सोबत कळवलं होतं की १९९१ चं टोरवाल्ड्स यांचं स्वतःचं ३८६ मशीन आता नव्या कर्नलवर सुरू होणार नाही. हे वाचताना मला भरून आलं होतं. कारण मात्र पक्कं होतं. दोन प्रोसेसर मेमरीतल्या एकाच कुलपाकडे, म्हणजे 'आता माझी पाळी' सांगणाऱ्या खुणेकडे, एकदम हात नेतात तेव्हा कुलूप नेमकं एकालाच मिळायला हवं. त्यासाठी किंमत तपासणं आणि ती जुनीच असेल तर त्याच दमात बदलणं, हे करणारी प्रोसेसरची एक आज्ञा त्यानंतरच्या ४८६ मध्ये आली. ३८६ मध्ये ती नव्हती. शिवाय फक्त वाचण्यासाठी ठेवलेल्या मेमरीच्या पानावर खुद्द कर्नलनेच लिहिलं, तर ३८६ ते अडवत नसे. या दोन उणिवांसाठी जागोजागी पळवाटा लिहिलेल्या होत्या. कुलपांच्या कोडला हात लावायचा म्हटलं की आधी ३८६ चा विचार करा, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्याचा भार तुमच्या पेंटियम ४ च्या कोडवरही होताच. आता ४८६ ची पाळी आली आहे. एप्रिल २०२५ मध्ये ते काढण्याचा प्रस्ताव मांडला तो मोल्नार यांनीच.

मोठ्या, महागड्या यंत्रांचंही हेच होतं. इंटेल आणि एचपी यांनी मिळून घडवलेला इटॅनियम प्रोसेसर २००१ मध्ये सर्व्हरसाठी बाजारात आला आणि जुलै २०२१ मध्ये त्याची शेवटची खेप गेली. कर्नलमध्ये तो २०२१ च्या सुरुवातीला 'अनाथ' ठरला, म्हणजे त्याच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या कोडच्या सुमारे ६५ हजार ओळी निघाल्या. २०१८ मध्ये तर कर्नलचेच एक प्रोग्रामर आर्न्ड बर्गमन यांनी एकदम आठ प्रोसेसर-घराणी काढली, जवळजवळ पाच लाख ओळी.

'अनाथ' हा शब्द माझा नाही. कर्नलच्या सोर्समध्ये 'मेंटेनर्स' नावाची एक फाइल आहे. प्रत्येक भागाचा सांभाळ कोण करतं ते तिच्यात लिहिलेलं असतं आणि शेजारी त्या भागाची स्थिती : सपोर्टेड, मेंटेन्ड, ऑड फिक्सेस, ऑर्फन, ऑब्सोलीट. मी मुलांना ही फाइल पहिल्याच आठवड्यात उघडायला लावत असे. तुमच्या पोरालाही दाखवा. आपल्या पोटापाण्याची वस्तू त्यात कुठे उभी आहे, हे वर्षातून एकदा बघावं. 'ऑर्फन' दिसलं तर समजायचं, दोन-चार वर्षांत कुणीतरी विचारेल, "हे अजून कुणी वापरतंय का?"

त्या वेळी आपण बोलायचं असतं. मी बोलले नाही.

आमच्या प्रयोगशाळेत तीन जुनी मशीनं होती, आयएसए नावाच्या जुन्या स्लॉटमध्ये दहा मेगाबिटची इथरनेट म्हणजे नेटवर्कची कार्डं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ती मला हवी असायची, कारण त्या कार्डांवरचे जंपर, म्हणजे पिनांवर बसणाऱ्या चिमुकल्या टोप्या, मुलांना हाताने बदलता येत. इंटरप्ट म्हणजे काय, उपकरण प्रोसेसरला हाक कशी मारतं, हे पुस्तकातून कळत नाही, जंपर चुकीच्या जागी लावून मशीन अडकलं की कळतं. २००८ मध्ये नवा कर्नल टाकला आणि तिन्ही कार्डं मुकी झाली. मी काय केलं? जुना कर्नल परत टाकला, प्रॅक्टिकल उरकलं, घरी गेले. कर्नलवाल्यांना चार ओळींचं पत्र लिहायला दहा मिनिटं लागली असती. वाटलं, एवढी मोठी माणसं आहेत, त्यांना माहीत असणारच. २०१३ मध्ये त्या जातीच्या बऱ्याच कार्डांचे ड्रायव्हर निघाले, त्यात आमचाही. कुणी वापरत असल्याची खूण नाही, असं त्यांना वाटलं तर ते चूक कसं म्हणू? खूण द्यायची ती मीच दिली नव्हती.

याच्या उलटही घडतं. पॅरलल पोर्टला लागणारे सीडी ड्राइव्ह तुम्हाला आठवत असतील. आमच्याकडे बारा मशिनांत मिळून तसा एकच होता, काखेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा. त्यांचा कर्नलमधला जुना कोड पार मोडकळीला आला होता. पण ओंद्रेय झारी या प्रोग्रामरकडे अशी उपकरणं होती. त्याने ती जोडून, तपासून, डिस्कच्या नव्या पद्धतीवर बसणारा ड्रायव्हर लिहिला आणि २०२३ मध्ये जुन्याच्या जागी तो आला. माझा ड्राइव्ह निवृत्तीच्या वेळी रीतसर भंगारात निघाला, तो मी लिलावात घेतला. मागच्या दिवाळीत जोडून बघितला. चालला.

तर तुमच्याकडची लेथ, तिचं कंट्रोल कार्ड, तो पोर्ट, यांतलं काही नव्या कर्नलवर अडलं तर कळवा. कुठल्या आवृत्तीपर्यंत चाललं, कुठल्या आवृत्तीपासून अडलं, कर्नलने काय संदेश दिला, एवढं इंग्रजीत लिहायचं. मोडकं इंग्रजी चालतं. नाही जमलं तर मला पाठवा, मी लिहून देते.

प्रश्न : माझ्याकडे फ्लॉपीवर डिझाइन घेणारं भरतकामाचं यंत्र आहे. लिनक्समधून फ्लॉपी काढली असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. जुलै २०१९ मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर अनाथ झाला, कारण तो सांभाळणाऱ्या यिरी कोसिना यांच्याकडे चालू स्थितीतली ड्राइव्हच उरली नव्हती. बातमी तेवढीच पसरली. पुढे डेनिस एफ्रेमोव्ह यांनी तो सांभाळायला घेतला, हे फारसं कुणी छापलं नाही. यूएसबीवरच्या फ्लॉपी ड्राइव्हला तर हा ड्रायव्हर लागतच नाही, तिचा मार्ग वेगळा. आणि खरी फ्लॉपी संपत आली तरी आभासी मशिनांत, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांत, खोटी फ्लॉपी असते, तिच्यासाठीही हा कोड लागतो.

त्या खोट्या फ्लॉपीवरून आठवलं. वरच्या कोल्हापूरच्या वाचकांनीही हे वाचावं. क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्लॉपी कंट्रोलरची नक्कल आहे. मे २०१५ मध्ये त्यात एक दोष उघड झाला, नाव पडलं 'व्हेनम'. भाड्याने दिलेल्या आभासी मशीनमध्ये बसलेला माणूस त्या दोषातून बाहेरच्या खऱ्या सर्व्हरपर्यंत पोचू शकत होता. दोष २००४ पासून तिथे होता. फ्लॉपी वापरणारं कुणी नाही, म्हणून तिच्या कोडकडे बघणारंही कुणी नाही, आणि दार अकरा वर्षं उघडं. कोपऱ्यात पडलेलं काय खातं, त्याचं हे एक उत्तर.

तुमच्या यंत्राच्या बाजूने सांगायचं तर फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेन ड्राइव्ह घेणारा एम्युलेटर मिळतो. घेताना तुमच्या यंत्राची फ्लॉपी ७२० केबीची आहे की १.४४ एमबीची, हे आधी बघा.

प्रश्न : काळ्या टेक्स्ट स्क्रीनवर शिफ्ट आणि पेज-अप दाबलं की वर गेलेला मजकूर दिसायचा. आता दिसत नाही. माझा कीबोर्ड बिघडलाय का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : कीबोर्ड ठीक आहे. ती सोयच काढली. २०२० च्या सप्टेंबरात, कर्नलच्या ५.९ आवृत्तीच्या तयारीत. वर गेलेल्या ओळी साठवून ठेवणाऱ्या त्या कोडमध्ये नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहिण्याचे दोष सापडत होते, आणि कर्नलमध्ये असा दोष म्हणजे घुसखोराला वाट. दुरुस्त करायला कुणी पुढे येईना. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की एके काळी माणसं मशीनसमोर बसून त्याच स्क्रीनवर दिवसभर काम करायची, तेव्हा ती सोय मोलाची होती, आता तसं राहिलेलं नाही.

मला हे काढणं आवडलं नाही. ज्या मुलाकडे जुना लॅपटॉप आहे आणि ग्राफिक स्क्रीन सुरू होत नाही, तो आजही त्या काळ्या स्क्रीनसमोरच बसलेला असतो. पण आवडलं नाही म्हणून तो दोष मी दुरुस्त करू शकले असते का? नाही. तेव्हा त्यांनी केलं ते बरोबर. तू 'टीमक्स' (tmux) किंवा 'स्क्रीन' (screen) हा प्रोग्राम बसवून घे, त्यात मागचं हवं तेवढं वाचता येतं. कर्नलचे संदेश हवे असतील तर 'डीमेसेज'चं उत्तर 'लेस'कडे वळव (dmesg | less).

प्रश्न : वडिलांच्या २००५ च्या सुझे लिनक्सच्या मशीनमधली हार्डडिस्क सापडली. त्यात त्यांचं लिखाण आहे. नवा लॅपटॉप ती वाचत नाही, 'रायझर-एफएस' असं काही म्हणतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घाबरू नका. रायझर-एफएस ही त्या काळी सुझेची नेहमीची फाइल-पद्धत, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची रीत, होती. २०२२ मध्ये ती जाणार असल्याची सूचना कर्नलमध्ये आली आणि जानेवारी २०२५ च्या ६.१३ आवृत्तीत ती गेली. मधे जवळजवळ तीन वर्षं दिली होती, अशाच डिस्कांसाठी. काढलेला कोड जुन्या आवृत्त्यांत जसाच्या तसा आहे, म्हणून २०२३ पर्यंतची एखादी लाइव्ह डिस्क, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स, पेन ड्राइव्हवर घ्या आणि तिच्यावर मशीन सुरू करा.

पण त्याआधी एक. वीस वर्षं बंद असलेली डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. पहिल्याच वेळी 'डीडीरेस्क्यू' (ddrescue) या प्रोग्रामने तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या, मूळ डिस्क काढून ठेवा, आणि नक्कल 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून जोडून फाइली लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-पद्धतीच्या डिस्कवर उतरवा. मराठी लिखाण त्या काळच्या एखाद्या फाँटमध्ये असेल तर ते उघडल्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतील. ती पुसू नका, मजकूर सुरक्षित असतो. फाँटचं नाव आणि एक पान मला पाठवा.