दिवाळखोरी जाहीर केली तर सुटेन का?

"ताई, दिवाळखोरी जाहीर केली तर हे वसुलीचे फोन बंद होतील का?"

कर्जाच्या ओझ्याखाली दबलेली माणसं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा हा प्रश्न आता हमखास येतो. विचारणाऱ्याने आधी भावाकडे मागून पाहिलेलं असतं, पगाराची उचल घेतलेली असते, एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डाने भरलेले असतात. इंटरनेटवर परदेशातल्या दिवाळखोरीच्या गोष्टी वाचून त्याला वाटत असतं, की एक अर्ज केला की पाटी कोरी होते. आपल्याकडे ती तशी होत नाही. मग काय होतं, आणि काय करता येतं, ते एका कुटुंबाच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना सुधीर म्हणू. वय बेचाळीस, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत फिटर, हातात येणारा पगार ३४,००० रुपये. पत्नी घरी शिवणकाम करते, त्याचे महिन्याला सहा हजारांच्या आसपास. दोन मुलं शाळेत. सिडकोत वन बीएचके, त्यावर गृहकर्ज. वडिलांच्या आजारपणात पहिलं पर्सनल लोन झालं, त्याच वर्षी कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, आणि तिथून घसरण सुरू झाली.

पहिल्या भेटीत त्यांना एकूण कर्जाचा आकडा सांगता येईना. "सात-आठ लाख असेल," म्हणाले. आम्ही कागद घेऊन बसलो. पर्सनल लोनचे ३,१०,००० बाकी. दोन क्रेडिट कार्डांचे मिळून २,२५,०००. पतसंस्थेचे २,००,०००, त्याला दोन जामीनदार: मेहुणा आणि कंपनीतला एक सहकारी. पत्नीच्या दागिन्यांवरचं सोनेतारण १,२०,०००. खाजगी सावकाराचे १,००,०००, महिना पाच टक्क्यांनी. मोबाइलमधल्या चार अ‍ॅपचे ६२,०००. बेरीज १०,१७,०००, आणि गृहकर्ज त्याशिवाय. तो आकडा बघून ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत.

तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" हा प्रश्न मी टाळत नाही. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट आत दाबलेलं बाहेर यायला वाट मिळते. ते म्हणाले, "रात्री येतं." मग त्या दिवशी कर्जाचं बोलणं तिथेच थांबवलं. रात्री कुणाला उठवायचं ते ठरवलं, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकला (मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं), आणि पुढच्या वेळी पत्नीला घेऊन या, असं सांगितलं. हे वाचणाऱ्या कुणाला तसं वाटत असेल, तर आधी तो फोन करा. कर्जाचा हिशेब त्यानंतर.

पत्नीला निम्मंच माहीत होतं. त्या आल्या, शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "कर्ज झालं याचं मला एवढं नाही ताई. पण माझ्या फोनवर परक्या माणसाने शिव्या देऊन सांगितलं, तेव्हा मला कळलं. अहो, तुम्ही सांगितलं असतं तर मी काय घर सोडून गेले असते?" सुधीर रडले. माझ्या मते त्यांच्या सुटकेची सुरुवात इथे झाली. घरात लपवलेलं कर्ज फेडता येत नाही, कारण ते लपवायलाच रोज नवे पैसे लागतात.

आता दिवाळखोरीचं. आपल्याकडे सामान्य माणसासाठी आजही दोन जुने कायदे चालतात: मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी १९०९ चा आणि बाकी ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा (नादारी म्हणजे दिवाळखोरीच). मुंबईत उच्च न्यायालयात जावं लागतं, नाशिकसारख्या ठिकाणी जिल्हा न्यायालयात. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग लिहिलेला आहे. अगदी गरिबांसाठी 'नव्याने सुरुवात' अशी तरतूदही त्यात आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, माफ होणारं कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसावं. पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. सुधीरसारख्या पगारदाराला तो दरवाजा उघडलेला नाही. त्यामुळे "आम्ही तुम्हाला नव्या कायद्याखाली दिवाळखोर करून देतो, आधी चाळीस हजार भरा," असं सांगणारा एजंट भेटला तर तिथून उठून यावं. सुधीरना असा एक भेटला होता. ते पैसे ते अ‍ॅपवरून काढणार होते.

जुन्या कायद्यात अर्जाची अट बघितली तर आश्चर्य वाटतं: कर्ज फेडता येत नसावं आणि ते किमान ५०० रुपये असावं. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा तसाच आहे. म्हणजे सुधीर अर्ज नक्की करू शकले असते. मिळालं काय असतं, हे मी त्यांच्यासमोर मांडलं.

नादार घोषित झाल्यावर माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि तिच्यातून कर्ज देणाऱ्यांना वाटप होतं. नंतर कर्जातून मुक्ततेचा अर्ज करायचा, तोपर्यंत नव्याने मिळवलेली मालमत्ताही त्यातच जमा होते. मधल्या काळात आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी घेतली तरी तो गुन्हा. निवडणूक लढवता येत नाही. प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं. हे सगळं सोसायची तयारी असली तरी सुधीरना ज्या गोष्टींची झोप उडवणारी भीती होती, त्यातली एकही त्याने सुटत नव्हती. घर बँकेकडे गहाण, तारणावरचा बँकेचा हक्क नादारीने जात नाही. सावकाराकडे सही केलेले कोरे चेक. चेक न वटल्याचा फौजदारी खटला नादारीच्या अर्जाने आपोआप थांबत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जामीनदार. कर्जदाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. पतसंस्था उद्या मेहुण्याच्या दारात उभी राहिली असती.

"मग घर आधी हिच्या नावावर करून टाकू का?" त्यांनी विचारलं. हेही बरेच जण विचारतात. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं असं हस्तांतर न्यायालय रद्द करू शकतं. शिवाय हेतू खोटा दिसला की सहानुभूतीही जाते. घर गहाण असताना तर बँकेला विचारल्याशिवाय ते करताही येत नाही.

दुसरी भीती अटकेची. वसुलीवाले "पोलीस पाठवतो" म्हणतात आणि माणूस हबकतो. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा न्यायालयाचा आदेश, झाल्यावर कैदेची तरतूद आहे, पण नुसते पैसे नाहीत म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून बुडवण्याचा डाव दिसावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. पगार जप्त झाला तरी, पोटगीचा हुकूमनामा सोडून, पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग हातात राहतो. प्रॉव्हिडंट फंडाला तर जप्ती लागतच नाही. सुधीर तोच काढून कार्डं भरायला निघाले होते. मी म्हटलं, "ज्या पैशाला न्यायालय हात लावत नाही, तो तुम्ही आपणहून कार्डवाल्याला का देता?" फॉर्म भरलेला होता, तो त्यांनी फाडला.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: जो सर्वात जोरात ओरडतो, त्याचे पैसे आधी भरू नका. सुधीर नेमकं तेच करत होते. अ‍ॅपवाले दिवसातून वीस फोन करत, म्हणून पगार झाला की पहिले पैसे त्यांना. त्याखालोखाल कार्ड आणि सावकार. पतसंस्थेचे वसुली अधिकारी सौम्य बोलायचे, म्हणून त्यांचे तीन हप्ते थकले. गृहकर्जाचा हप्ता तर नुसत्या मेसेजवर भागायचा, तोही एक चुकला होता. खरं नुकसान बघायला गेलं तर क्रम उलटा आहे. कार्डाचं कर्ज बिनतारणी. दोनपैकी एका कार्डाच्या १,४०,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ४,९०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. 'मिनिमम' म्हणून ७,००० भरले तरी मुद्दल जेमतेम बाराशेने कमी होतं. आणि ते सात हजार भरताना जाऊ शकत होतं काय? घर आणि मेहुण्याशी असलेलं नातं.

अ‍ॅपचे हप्ते न धरताच महिन्याचे हप्ते, कार्डांचं मिनिमम आणि सावकाराचं व्याज मिळून ४०,७५० होत होतं. घरात येणारे ४०,०००. म्हणजे जेवायला नवं कर्ज. म्हणून आधी घरखर्चाचे १७,००० बाजूला काढले: किराणा, शाळा, वीजबिल, औषधं. हे काढल्याशिवाय कुठलीही योजना टिकत नाही. मग गृहकर्जाचे ९,८०० आणि पतसंस्थेचे ५,५००. उरलेल्यातून सोनेतारणाचं व्याज, आणि बाकीच्यांना पत्र.

पत्र लेखीच हवं. पगाराची स्लिप जोडून, इतकं उत्पन्न, इतका खर्च, इतकंच भरू शकतो, असं. पर्सनल लोनच्या बँकेने मुदत वाढवून हप्ता ९,२०० वरून सहा हजारांच्या आत आणला. एकूण व्याज त्यामुळे वाढलं, हे मी त्यांना लपवलं नाही. कार्डं बंद केली आणि पुढचे काही महिने त्यांचे फोन सोसले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळात करता येतात. नातेवाइकांना गाठणं, शिवीगाळ, धमकी चालत नाही. वेळ आणि नंबर लिहून ठेवायची सवय पत्नीने लावली. बँकेकडे तक्रार केल्यावर तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. इथे बँकेतच काम झालं.

चार अ‍ॅपपैकी दोन नोंदणीकृत वित्तसंस्थांची निघाली, त्यांच्याशी हप्ते ठरले. उरलेल्या दोघांच्या मागे कुठलीच मान्यताप्राप्त संस्था सापडेना. फोनमधले सगळे नंबर उचलून, फोटो बिघडवून पाठवायच्या धमक्या देणारे हेच. त्यांची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांत केली.

मेहुण्याकडे दोघं मिळून गेले. सुधीरना हे सगळ्यात जड गेलं. पण पतसंस्थेची नोटीस हातात पडण्याआधी जावई स्वतः येऊन "हप्ते थकलेत, असे भरणार आहे" म्हणाला, याचा मेहुण्याच्या मनावर वेगळाच परिणाम झाला. चिडले, बोलले, पण संबंध तुटला नाही.

सावकाराला ते फार घाबरून होते. मी फक्त विचारलं, "परवाना आहे का त्याचा?" नव्हता. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. एक लाखावर सत्तर हजार व्याज आधीच गेलं होतं. तक्रार अर्ज दिला, चौकशी सुरू झाली आणि चेक परत मिळाले. प्रत्येकाचं इतकं सरळ होत नाही. जिथे मारहाणीची भीती असते तिथे आधी पोलीस आणि वकील, मग अर्ज.

सोन्याचा निर्णय पत्नीचा. मी त्यात काही बोलले नाही. त्यांनीच पाटल्या सोडवून विकल्या, तारण फेडलं, मंगळसूत्र परत आणलं, आणि उरलेल्या पैशात दिवाळीचा बोनस घालून एक कार्ड लोकअदालतीत तडजोडीने मिटवलं. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि ठरलेला निवाडा अंतिम असतो. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा लागला, म्हणजे पुढे काही वर्षं कर्ज मिळणं कठीण. सुधीर म्हणाले, "तेच बरं." दुसरं कार्ड अजून फेडणं चालू आहे, पर्सनल लोनही. घर आहे, जामीनदारांना नोटीस गेलेली नाही.

दिवाळखोरी कधीच करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. धंदा बुडालेल्या एका गृहस्थांना मी स्वतः वकिलाकडे पाठवलं होतं. भाड्याचं घर, विकण्यासारखं काही नाही, जामीनदार नाही, आणि तीन-चार हुकूमनाम्यांत कैदेची टांगती तलवार. त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयातला नादारीचा अर्ज हाच रास्त मार्ग होता, कारण त्यात अटकेपासून संरक्षण मागता येतं आणि गमवायला काही उरलेलंच नव्हतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं, फोन १५१००. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना सगळ्या कर्जांची यादी, जामीनदारांची नावं, कोऱ्या चेकचे नंबर आणि आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट बरोबर न्या.